रखमाजी मामांची पहिली पाळी

कंपनीच्या बसमध्ये किस्से भंगारासारखे साठतात. क्रांती चौकातून चिकलठाण्याला पोचेपर्यंत कुणीतरी एक टाकतोच. आमच्या बसमधले निम्मे किस्से रखमाजी मामांचे. लोक पोट धरून हसायचे. माझं मात्र डोकं फिरायचं.

*

मामा आमच्याकडचे फिटर. रिटायर झाले, तरी पहिल्या पाळीला डबा घेऊन स्टॉपवर हजर. ड्रायव्हर शब्बीरभाई म्हणायचे, "बैठने दो, सीट क्या घिसती है?"

एकदा आमच्यातल्याच एका बहाद्दरानं मामांना सांगितलं, "तुमचं पंचकार्ड हरवलं, आता खाडा पडणार." मामा गेटवर खिसे उलटे करून रडकुंडीला आले, आणि हे एकमेकांना टाळ्या देताहेत. माणसं होती की कोण!

*

गल्लीतले शहाणे मथुरामामींना म्हणाले, "कोंडून घाला." मामींनी नाइलाजानं बाहेरून कुलूप लावलं. मामांनी आतून बिजागऱ्या खोलल्या, दार भिंतीला टेकवलं, स्क्रू वाटीत ठेवले आणि ड्युटीवर आले.

गल्ली आठवडाभर हसली. पण कोंडायचा सल्ला देणाऱ्यांपैकी एकही ते दार परत बसवायला आला नाही.

*

डॉक्टरांनी सांगितलं, हा मेंदूचा आजार आहे, विसरण्याचा. मामी गणेश मंडळाच्या बैठकीत उभ्या राहिल्या. "ह्यांना घर सापडंना झालंय. कुठं दिसले तर तेवढं आणून सोडा. हसू नका."

अध्यक्ष म्हणाले, "मामी, गावात विद्यापीठाच्या नामांतरावरून आग लागलीय, अन् तुमचं काय मधेच?" मग मांडव कुठं घालायचा यावर तासभर भांडले. लाज नाही वाटली कुणाला.

*

आणि हा किस्सा त्याच दिवसांतला. गडबडीमुळं पाळी अर्ध्यातच सुटली. चौकात काठ्या घेतलेली पोरं येणाऱ्या-जाणाऱ्याला आडनाव विचारत होती. आडनावावरून माणूस कुठल्या बाजूचा ते ठरायचं. बसच्या खिडकीतून बघतो तर त्यांच्या मधोमध मामा, अंगात युनिफॉर्म, हातात डबा. शब्बीरभाईंनी ब्रेक दाबला. मी खाली उडी मारली.

"आडनाव सांग," एकानं काठी उगारली.

मामा बराच वेळ आठवत राहिले. "ध्यानात येईना बाबा," म्हणाले. "तुझं काय हाय?"

पोरगा काठी खाली घेऊन डोकं खाजवायला लागला.

मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू बी इसरला व्हय? चल मग. शब्बीर घरी सोडंल दोघायला."