दोन फूट चार इंचांवर मुरूम

काका कुणाकडेही गेले की दारातल्या कुंडीतली चिमूटभर माती आधी उचलायचे. ती तळहातावर घ्यायचे, तिच्यावर थुंकायचे आणि अंगठ्यानं मळत उभे राहायचे. घरची बाई दार उघडून "या ना काका" म्हणत असायची आणि हे हात झटकत सांगायचे, "ही पिशवीतली आहे. हिला गाव नाही."

असा एखादा काका तुमच्याही मराठी मंडळात असेल. आरतीला सगळ्यात मागे उभा राहणारा, जेवायला शेवटी बसणारा आणि निघताना कुणालाच न सांगता निघणारा. आमचे काका मूळचे यवतमाळकडचे. मी अमेरिकेत ईडन प्रेरीला आलो तेव्हा ते नुकतेच निवृत्त झाले होते. तीसेक वर्षं त्यांनी मिनेसोटाच्या उत्तरेकडच्या जंगलांत मातीची पाहणी करण्याची सरकारी नोकरी केली होती. आम्ही बाकीचे सगळे कॉम्प्युटरवाले. माती पाहण्याचा पगार मिळतो हे आम्हाला बराच काळ खरं वाटत नसे.

"म्हणजे काका, दिवसभर करायचं काय?"

"खड्डा करायचा. आत उतरायचं. बघायचं. बुजवायचा."

"आणि मग?"

"मग दुसरा."

एकदा कुणा शेतकऱ्यानं दारात बंदूक धरून त्यांना विचारलं होतं की माझ्या रानात काय शोधतोस. काका म्हणाले, तुझी माती. तो म्हणाला, डर्ट? काका हे सांगताना अजूनही चिडत. "डर्ट कपड्याला लागते. पायाखाली असते ती माती. बंदूक होती म्हणून गप्प बसलो, नाहीतर समजावलं असतं."

कौतुक करणं त्यांना जमत नसे. माझ्या बायकोच्या पुरणपोळीला ते "चालेल" म्हणाले, तेव्हा ती दोन दिवस घुश्शात होती. नंतर कळलं की "चालेल"च्या वर त्यांच्याकडे शब्दच नव्हता. न आवडलेल्या गोष्टीबद्दल ते काही बोलतच नसत.

हे मला माहीत होतं. पुढे जे लिहिणार आहे त्यासाठी हे आधीच कबूल करून ठेवतो.

२००४ साली मंडळानं ठरवलं की मुलांच्या उन्हाळी शिबिरासाठी उत्तरेला थोडी जंगलाची जमीन घ्यायची. दोन-तीन लाकडी खोल्या, स्वयंपाकघर, संडास. काकांना ही कल्पना इतकी आवडली की ते सभेत स्वतःहून बोलले. "पोरांना मी खड्ड्यात उतरवीन," म्हणाले. काही आयांचे चेहरे उतरले, पण ठराव झाला.

दोन जागा नजरेसमोर होत्या. एक जवळची, दुसरी पाऊण तास पुढे. अशा जागी शहरासारखी गटारं नसतात, सांडपाणी आपल्याच जमिनीत मुरवावं लागतं. म्हणून माती आधी पाहणं आलं. मी मंडळाचा सचिव. ऑक्टोबरात एका शनिवारी काका आणि मी दोघंच गेलो. शिकारीचा मोसम म्हणून त्यांनी मला एक केशरी टोपी दिली आणि एक स्वतः घातली.

जवळच्या जागेत शिरताच एक उन्मळून पडलेलं झाड होतं. त्याची मुळं खाली कुठे गेलेलीच नव्हती. ती सगळी आडवी पसरून चपटी झालेली, परातीसारखी उभी राहिली होती. मी फोटो काढला. काका बराच वेळ त्या मुळांकडे बघत राहिले.

मग खड्डा. वर कुजकी पानं, त्याखाली राखेच्या रंगाचा बोटभर थर, मग तांबूस भुसभुशीत माती, तिच्यात मुठीएवढे गोटे, खडे, वाळू. फावडं सहज जात होतं. दोन-सव्वादोन फुटांपर्यंत छान चाललं. मग काकांच्या हातातलं माती काढायचं लांब गिरमिट एकदम थांबलं. त्यांनी मला पहार मारायला सांगितली. मारली तर हाताला झिणझिण्या आल्या.

"मैलभर उंच बर्फ बसलं होतं यावर, हजारो वर्षं," काका म्हणाले. "तुझ्यावर बसलं असतं तर तूही असाच झाला असतास."

त्यांनी छोट्या वहीत लिहून घेतलं. नोंदी ते मराठीत करत. नोकरीत असताना साहेबाला वाचता येऊ नये म्हणून लागलेली सवय, असं ते सांगत. दुपारी दुसऱ्या जागेत दोन खड्डे केले. संध्याकाळी परत येताना वही माझ्याकडे दिली. त्यांचं टायपिंग दोन बोटांचं. "तूच इंग्रजीत घाल आणि सगळ्यांना पाठव," म्हणाले. पुढच्या आठवड्यात ते तीन महिन्यांसाठी यवतमाळला गेले.

जवळच्या जागेपुढे वहीत लिहिलं होतं: "दोन फूट चार इंचांवर मुरूम. घट्ट. वर डाग." दूरच्या जागेपुढे: "पाच फुटांपर्यंत वाळू. चालेल."

आता माझं ऐका. माझे वडील सातारा भागात घरबांधणीवर मुकादम होते. पाया खणताना मुरूम लागला की ते नारळ फोडायला सांगत. मुरूम म्हणजे भक्कम, आणि मुरूम म्हणजे पाणी न साठणारा. पाणी मुरतं म्हणून मुरूम, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. मी इंग्रजीत लिहिलं की जवळच्या जागेत सव्वादोन फुटांखाली घट्ट मुरमाचा थर आहे आणि निचरा उत्तम आहे. "निचरा उत्तम" हे वहीत नव्हतं. ते मी घातलं. "वर डाग" म्हणजे काय ते कळलं नाही, म्हणून गाळलं. आणि दूरच्या जागेच्या "चालेल"चं मी सरळ "ओके" केलं.

जवळची जागा मला हवी होती हेही सांगायला हवं. ड्राइव्ह कमी होता.

मंडळानं ती जानेवारीत घेतली. काका परत आल्यावर मी फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "ती घेतली? का?"

"जवळ पडते, काका."

"बरं," म्हणाले. फोन ठेवला.

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं. सांडपाण्याच्या परवान्यासाठी काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्हा कचेरीचा, माणूस येणार होता, म्हणून काका, मी आणि अध्यक्ष गेलो. गाडी रस्त्यावरच रुतली. वरची ती भुसभुशीत खडेवाली माती स्पंजासारखी भरली होती आणि खालचा थर पाण्याला वाट देत नव्हता. त्या माणसानं खड्डा केला. भिंतींमधून पाझरणाऱ्या पाण्यानं तो आमच्यादेखत भरला. त्यानं खड्ड्याच्या कडेचे, पाणी साचून पडलेले राखाडी आणि गंजासारखे डाग दाखवले, आणि इथे सांडपाणी मुरणार नाही असं सांगून निघून गेला.

पुढच्या सभेत शिबिर कॅन्सल झालं. लायब्ररीची खोली, वीसेक माणसं, समोसे. अध्यक्ष म्हणाले, "काका, तीस वर्षं माती बघितलीत. आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवला हो तुमच्यावर." मागून कुणीतरी म्हणालं, "सरकारी नोकरी होती यार ती," आणि थोडं हसू झालं.

काकांनी माझा तो कागद मागितला. त्यांनी तो तोपर्यंत पाहिलाच नव्हता. चष्मा कपाळावर सरकवून वाचला. एका ओळीवर त्यांचा अंगठा थांबला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. कदाचित माझ्या मागच्या घड्याळाकडे बघितलं असेल, हे मी अनेकदा स्वतःला सांगितलंय.

"असं लिहिलंय खरं," ते म्हणाले. "चूक झाली."

कुणाची, ते म्हणाले नाहीत. मी समोशाची प्लेट हातात धरून उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. कुणीतरी चहाचं विचारलं आणि सभा पांगली.

इथून माझा गोंधळ सुरू होतो. मला स्पष्ट आठवतं की एकदा काका खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसून मला सांगत होते, "याला आपल्या भाषेत शब्द नाही. मी आपला मुरूम म्हणतो. पण हा आपला मुरूम नव्हे बाबू. यातून पाणी हलत नाही." हे त्यांनी मला सांगितलं, यात शंका नाही. कधी सांगितलं, ते आठवत नाही. ऑक्टोबरात सांगितलं असेल, तर मी ऐकूनही तसं लिहिलं. एप्रिलमध्ये सांगितलं असेल, तर मी अडाणी होतो, एवढंच. माझ्या आठवणीत त्यांच्या डोक्यावर केशरी टोपी आहे, म्हणजे ऑक्टोबर. पण ती टोपी ते एप्रिलमध्येही घालायचे, त्यांच्याकडे दुसऱ्या रंगाची नव्हती. खड्ड्यात पाणी होतं का, ते आठवायचा प्रयत्न करतो. कधी असतं, कधी नसतं.

काका मंडळात येईनासे झाले. त्यांना शोधायला कुणी गेलं नाही, मीही नाही. पुढच्या वर्षी ते मुलीकडे, दूर दक्षिणेत कॅरीला, राहायला गेल्याचं कळलं. दीड वर्षानं मी फोन केला. मुलीनं उचलला, "होल्ड ऑन, ही इज इन द यार्ड," म्हणाली.

"अबे, इथे लाल माती आहे," काका पहिलंच वाक्य बोलले. "बर्फ इथवर आलंच नव्हतं. गोटा नाही, काही नाही. नुसती चिकण."

मी म्हणालो, "काका, तो कागद मी लिहिला होता. निचरा उत्तम हे माझं होतं."

"माहीत आहे. वही तू परत दिली होतीस, माझ्याचकडे आहे ना."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील असं वाटलं."

मग मी इतक्या दिवसांचा प्रश्न विचारला. "हा आपला मुरूम नव्हे, असं तुम्ही मला सांगितलं होतं. ते ऑक्टोबरात की एप्रिलमध्ये? आधी की नंतर?"

ते जरासुद्धा थांबले नाहीत. "नंतर," म्हणाले. "नंतरच सांगितलं. चूक माझी. तुला आधी सांगायला हवं होतं."

त्यांना खरंच आठवत होतं, की मला सोडवत होते, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही.

२००८च्या मार्चमध्ये काका कॅरीलाच वारले. बातमी आली त्या रविवारी मी मंडळाच्या ईमेल ग्रुपवर लिहायला बसलो. वहीत काय होतं, मी काय घातलं, काय गाळलं, कुठली जागा मला का हवी होती, सगळं लिहिलं. एका वाक्याशी अडलो. काकांनी मला मुरमाबद्दल समजावलं होतं, इथपर्यंत लिहून झालं होतं. पुढे एकच शब्द हवा होता. "नंतर" लिहिलं तर ते त्यांचेच शब्द झाले असते आणि चूक पुन्हा त्यांच्या अंगावर गेली असती.

मी "आधी" लिहिलं आणि पाठवून दिलं.

संध्याकाळपर्यंत एकच उत्तर आलं. पुण्याहून नुकताच आलेला एक मुलगा होता. "सॉरी, मी ग्रुपमध्ये नवीन आहे. हे काका कोण?"