आबांनी काढलेला व्हिडिओ

नवलाख उंबरे गावच्या धम्मदीपचं कुणी कौतुक केलं, की गडी आतलं सगळं उघडून दाखवल्याशिवाय राहत नाही. स्वभावच तसा, कुणी काय करणार?

बसमधल्या कॅमेऱ्यांचं चित्रण एका डब्यातल्या हार्ड डिस्कवर साठतं. खंडाळ्याच्या घाटात गाडी दणकली, की आतली फिरती चकती आणि तिच्यावरची सुई घासतात अन् चित्रण जातं बाराच्या भावात. तळेगावच्या कारखान्यातली पाळी सांभाळून धम्मदीपनं एक जोडणी तयार केली. हिसका जाणवताच ती सुई बाजूला घेई. त्यानं पेटंटचा अर्ज केला आणि एका बड्या कंपनीनं विरोध नोंदवला. म्हणे, यात नवं काहीच नाही.

पेटंट कार्यालयाची सुनावणी घरीच, लॅपटॉपवर होती. शेजारी त्याचे वडील केरबा इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. कंपनीच्या वकिलानं व्हिडिओ लावला. विहारासमोरचं स्टेज, गळ्यात हार घातलेला धम्मदीप. तो डबा हातातून सोडतोय, मग उघडून सुई कशी हलते ते गावाला समजावतोय. अर्जाआधी चारचौघांत दाखवलेल्या वस्तूला पेटंट मिळत नाही, हे धम्मदीपला आता ठाऊक होतं. त्या दिवशी नव्हतं.

त्याची वकील समीक्षा मात्र डगमगली नाही. "मोबाइलवर फिरलेला व्हिडिओ आहे हा. अर्जाच्या आधीचा कशावरून? कुणी काढला, कधी काढला, काहीच सिद्ध होत नाही."

अधिकाऱ्यांनी मान डोलावली. धम्मदीपच्या जिवात जीव आला.

"आवो सायेब, म्याच काढलाय की!" केरबा पुढं झुकले. "यंदाच्या न्हाई, गेल्या जयंतीला. पोराचा सत्कार हुता. सारं गाव हुतं तितं!"

धम्मदीपचा हात माइक बंद करायला निघाला आणि अर्ध्यातच थिजला. पडद्यावर समीक्षानं डोळे मिटून घेतले होते.

"हे तुमचे वडील ना?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "ते सांगताहेत ते खरं आहे?"

अर्ज त्या जयंतीनंतर, पावसाळ्यात केलेला. आता नाही म्हणायचं, तर भर सुनावणीत आबांना खोटं पाडायचं. केरबा त्याच्याकडं बघत होते, पोराची बाजू भक्कम केल्याच्या आनंदात.

"खरं आहे," धम्मदीप म्हणाला.

"बगा!" केरबा पडद्याकडं बोट करून म्हणाले. "माज्या पोरानंच केलंया समदं."