अकरा सह्या आणि मराठीचं कपाट

बाबाराव दुर्गे आमच्या गावच्या शाखा ग्रंथालयात सव्वीस वर्षं ग्रंथपाल होते. जैनथच्या पुढे, पैनगंगेच्या अलीकडे, तेलुगू राज्यातलं आमचं मराठी गाव. मी समोरच्या टपाल कार्यालयात कारकून. दुपारी टपाल गेलं की मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. माणूस चिडत नसे, मोठ्यानं बोलत नसे, नुसता दमलेला असे.

दर नोव्हेंबरात वरून हुकूम यायचा, ग्रंथालय सप्ताह साजरा करा. मग तेलुगू अक्षरांचा कापडी फलक, शाळेतल्या पोरींच्या कविता, चहा आणि एक फोटो. आठवा दिवस उजाडला की कवितेचं नाव कुणी काढत नसे. बाबाराव म्हणायचे, "सात दिवस कविता वाचायच्या अन् मंग वर्षभर धूळ पुसायची. हे काई खरं नाई."

त्यांची आई जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचत होती. तिला एक अक्षर येत नव्हतं, आणि तिला कधी काही वाचून दाखवलं नाही याची खंत बाबारावांनी मला दोनदा सांगितली. म्हणून असेल, दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, ते वेचणीच्या बायांना ओसरीवर बसवायचे आणि मराठीच्या कपाटातून एखादी कविता वाचून दाखवायचे. कपाट एकच, दोनशे पुस्तकांचं; रजिस्टरही त्यातच असायचं. बाया पिशव्या मांडीशी घेऊन ऐकायच्या. चंपाबाई तर मागच्या मंगळवारची कविता पुन्हा वाचायला लावायची. जाताना प्रत्येक बाई वाचकांच्या रजिस्टरात अंगठा उठवायची.

तपासणीला आलेल्या पहिल्या साहेबानं त्या अंगठ्यांवर रेघ मारली. ज्याला वाचता येत नाही तो वाचक कसा, असं त्याचं म्हणणं.

पुढे साक्षरतेची मोहीम आली. आमच्या गावाला पाट्या मिळाल्या, पेन्सिली मिळाल्या, पुस्तकं मात्र सगळी तेलुगू. बाबारावांनी विचार केला, निदान अंगठा तरी जाईल. सहा महिने त्या ओसरीवरच त्यांनी अकरा बायांना आपापलं नाव लिहायला शिकवलं. चंपाबाईनं पहिली सही केली तेव्हा हा दमलेला माणूस चक्क हसला. रजिस्टर त्यानं मला दोनदा दाखवलं. अकरा सह्या, सगळ्या तेलुगूत. त्यात काही वावगं आहे हे त्याला सुचलं नाही, आणि मलाही नाही.

दोन वर्षांनी नवे साहेब आले. ज्या शाखेत मराठी वाचक नाहीत तिथली मराठी पुस्तकं जिल्ह्याच्या ग्रंथालयात जमा करायची, असा कागद घेऊन. त्यांनी रजिस्टर शेवटपर्यंत चाळलं.

"मराठी पढ़नेवाला कौन है इधर? एक भी दस्तख़त मराठी में नहीं."

"साहब, ये सब मराठी औरतें हैं. सुनने आती हैं," बाबाराव म्हणाले.

"काग़ज़ पर तो तेलुगु है."

चंपाबाई ओसरीवरच होती. तिला वाटलं, सहीवर शंका घेतायत. ती आत आली, पेन घेतलं आणि साहेबांसमोर ठसठशीत सही केली. तेलुगूत. साहेबांनी मान हलवली आणि कागदावर शेरा लिहिला.

मी खुर्चीवर बसून हे सगळं बघत होतो. त्या कपाटातलं निम्मं मी वाचलं होतं. पण रजिस्टरात माझी सही एकदाही नव्हती. गावातले शिकलेले आम्ही चार-पाच मराठी लोक, रोजचं येणंजाणं, घरच्या माणसानं कसली सही करायची, असं आमचं चाललेलं. तेव्हा तरी मी उठून बोलायला हवं होतं. सरकारी नोकर मी, दुसऱ्या खात्याच्या साहेबापुढे तोंड उघडलं नाही. बाबारावांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली. ती नजर अजून जात नाही माझ्या मनातून.

कपाट जीपमधून गेलं. मंगळवारी बाया आल्या. भिंतीवर कपाटाची चौकोनी खूण तेवढी राहिली होती.

चंपाबाई म्हणाली, "सई तं केली ना मी, मास्तर. अंगठा नाई लावला. मंग काऊन नेलं जी?"

"तुमचं नाई चुकलं बाई. मीच चुकीचं शिकवलं," बाबाराव म्हणाले. फडक्यानं पाटी पुसून त्यांनी तिचं नाव मराठीत लिहिलं आणि पेन्सिल तिच्या हाती दिली.

मराठी सही यायला अकरा जणींना वर्ष लागलं. कपाट परत मिळावं म्हणून बाबारावांनी वर तीन अर्ज केले, उत्तर आलं नाही. मग ते निवृत्त झाले. शेवटच्या मंगळवारी त्यांनी पाठ असलेली एक कविता म्हटली, दोन ओळी विसरले, त्या चंपाबाईनं सांगितल्या. जाताना सगळ्यांनी रजिस्टरात सह्या केल्या. अकरा सह्या, सगळ्या मराठीत. त्यांच्याखाली बारावी मी केली. बाबारावांनी ती वाचली, रजिस्टर मिटलं आणि ठेवायला म्हणून सवयीनं कपाटाच्या जागेकडे वळले.