बोगद्यात अडकलेला हत्ती

"अवो जावईबापू, पोरगी हाये का भाताचं पोतं? उतरवा तिला खाली."

सासूबाई खळ्यातूनच ओरडत होत्या. एस.टी. सोडल्यापासून आंदर मावळातल्या त्यांच्या घरापर्यंतची दोन कोसांची चढण मी सहा वर्षांच्या लेकीला पाठुंगळी घेऊन चढलो होतो. गळलेल्या घामावर वाटेतल्या खाचरांत भाताचं दुसरं पीक निघालं असतं. बायको गाठोडं घेऊन मागून येत होती.

"चालाया काय झालं तिला?"

"दम लागतो," मी म्हणालो.

"सा वर्साच्या पोरीला?"

मी लेकीला खाली उतरवलं. एरवी मी कुणाला शब्दात हार जात नसे. लोणावळा स्टेशनात पार्सलच्या खोलीत मी नोकरीला होतो, आणि माझ्या थापा पुऱ्या ऐकायच्या म्हणून मालगाडी उशिरा सुटायची, एवढंच सांगतो.

लेक जन्मली ती मुठीएवढी. कापसात गुंडाळून ठेवली होती. सुईण म्हणाली, पावसाळा काढला तर आपलं नशीब. तिनं पावसाळा काढला, आणि मी तिच्या वजनाच्या नादी लागलो. दर रविवारी तिला पार्सलच्या काट्यावर बसवायचो, करवंदांच्या पाट्या आणि दुधाचे कॅन बाजूला सारून. हमाल गोळा व्हायचे. किलो आले होते, पण आमच्या तोंडी शेरच. काटा पावशेर सरकला की मी घरी येऊन दोन शेर सांगायचो. एकदा एका हमालानं तिच्या फ्रॉकला चिठ्ठी डकवली, 'सांभाळून उचलणे'. सगळे हसले, मी सगळ्यांत मोठ्यानं. ती हसली नव्हती. ते मला तेव्हाही दिसलं होतं.

बायको चार घास भरवून म्हणायची, "पुरे, तिनं तोंड मिटलंय." मग ताट मी घ्यायचो आणि गोष्ट काढायचो. खंडाळ्याच्या बोगद्यात एक हत्ती अडकलाय. पुढं सरकता येत नाही, मागं वळता येत नाही, आणि पाठीमागून इंजिन शिट्टी देत येतंय... इथं थांबायचं. घास पुढं करायचा. मिटलेलं तोंड आपोआप उघडायचं. तूप घातलेला वरणभात, वर दूधपोळी, वर केळं. तो हत्ती दोन वर्षं बोगद्यात होता. सुटला असता तर जेवण संपलं असतं.

आयुष्यात मी पुष्कळ काही वाढवून सांगितलं. खरोखर वाढलं ते लेकीचं वजन तेवढं.

त्या दिवशी दिवेलागणीला सासूबाईंच्या घरीही तेच चाललं होतं. त्या चुलीपाशी बसून बघत होत्या. इंजिन बोगद्याच्या तोंडाशी आलं, मी थांबलो, घास उचलला. सासूबाईंनी ताट ओढून घेतलं.

"आता सांगा. रिकाम्या हातानं सांगा."

खोटं वाटेल, पण मला, म्हणजे मला, पुढचं सुचेना. हाताला घासाची सवय. शेवटी इंजिन ड्रायव्हरला खाली उतरवलं, हत्तीच्या शेपटीला साखळी बांधली आणि कसंबसं त्याला मागच्या मागं ओढून काढलं. हत्ती उजेडात आला तसा लेकीनं मोठा श्वास सोडला. भात ताटात तसाच होता. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"पोरीची भूक न्हवं ती," सासूबाई म्हणाल्या, "तुमची."

हा प्रसंग पुढं मी शंभर जणांना सांगितला असेल, दर वेळी हत्ती थोडा मोठा करून. दुसऱ्या दिवशी सकाळचं तेवढं गाळत आलो.

वाडीतली पोरं गुरं घेऊन टेकडीवर पळत होती. लेकही त्यांच्यामागं निघाली होती, पण बांधापर्यंत जाऊन परत आली आणि पायरीवर गुडघे चोळत बसली. मी शेजारी जाऊन बसलो. मग विचारलं, "पोट भरलेलं असायचं, तर खायचीस कशाला गं?"

टेकडीवरच्या पोरांवरची नजर न काढता ती म्हणाली, "तुम्ही मधेच थांबायचात."