हवी होती? मग आता नको?

स्पेनमधल्या आविलेसच्या मासळीबाजारात ओब्दुलियाच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती. साठी उलटलेली विधवा मासेवाली, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात सुरी, आणि जिभेला सुरीहून जास्त धार! गिऱ्हाईक अदबीनं म्हणालं, "मला अर्धा किलो तारली हवी होती," की ही लगेच, "हवी होती? मग आता नको?" वर्षानुवर्षं तोच विनोद, आणि त्यावर सगळ्यात जोरात हसणारीही तीच.

त्यात सापडला टोरलेफ. बोटींची इंजिनं दुरुस्त करून निवृत्त झालेला नॉर्वेचा एकटा माणूस, आता इथंच राहून स्पॅनिश शिकत होता. मागताना 'हवी होती' म्हणावं, सभ्य दिसतं, असं क्लासात शिकवलेलं. तो तसं म्हणाला आणि टोमणा खाऊन घरी गेला. तिथं त्यानं व्याकरण उपसलं. भूतकाळ दोन निघाले, एक चालू राहिलेला, एक घडून मिटलेला. पठ्ठ्यानं दुसरा उचलला आणि दुसऱ्या दिवशी बाजार गाठला.

"बाई, मला तारली हवी होऊन गेली!"

अख्खा बाजार पोट धरून हसला. शेजारची अंडीवाली निएवेस टोपलीवर कोसळता कोसळता वाचली. ओब्दुलियाच्या तर डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिथंच तिचा जीव जडला.

"निएवेस, मेला आवडतो गं मला!"

"मग सांग की त्याला."

"मी का सांगू? त्याला तोंड नाही?"

तेव्हापासून ती त्याच्या तोंडाकडे बघत बसली. तोही रोज यायचा, पुन्हा 'हवी होती'वर आलेला. टोमणा आला की हसून म्हणायचा, "हवी आहे, हवी आहे!"

एका शनिवारी तो भांग पाडून, फुलं घेऊन रांगेत उभा राहिला. नंबर आल्यावर म्हणाला, "ओब्दुलियाबाई, मला तुमच्याशी लग्न करायचं होतं."

आणि कडमडली ना जीभ! "होतं? मग आता नको?"

रांग खिदळली. टोरलेफचे कान लाल झाले. माशांची थट्टा त्याला कळायची. लग्नाची थट्टा म्हणजे नकारच, असं त्याला वाटलं. "बरं," म्हणाला, फुलं बर्फावर ठेवली आणि चालू लागला.

"अगं भवाने, तो काय तारली मागत होता?" निएवेस ओरडली.

ओब्दुलिया सुटली! ओल्या फरशीवर बूट धपाधप, दंडाला खवले, हातात सुरी तशीच. लोक भिंतीला चिकटले. मागून सगळी रांग. बसच्या थांब्यावर तिनं त्याला गाठलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडी गिऱ्हाइकाचे शब्द आले.

"मला... मला तुम्ही हवे होतात."

टोरलेफनं सुरीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि अगदी शुद्ध उच्चारात विचारलं, "हवे होतात? मग आता नको?"

"हवे आहात, मेल्या, हवे आहात!"

त्या विनोदावर सगळा थांबा हसला. ओब्दुलियाला तेवढं हसता आलं नाही, तिला हुंदकाच आवरेना.