काहीच दाबलं नाही तर…

त्या सकाळचा फोन कुठलंच बटण न दाबता आला होता. जनावरांच्या डॉक्टरसाठी येणारे असे फोन बहुधा म्हाताऱ्या माणसांचे, म्हणून मी सवयीनं मोठ्यानं विचारलं, "बोला, गाय का म्हैस?" पलीकडं एसटी स्टँडचा कल्ला. एक माणूस ओरडून सांगत होता, "ओ बाई, जनावर न्हाय, माणूस हाय! जयसिंगपूर स्टँडवरनं बोलतोय, माझा चहाचा गाडा हाय हितं. ह्या पावण्यांच्या मोबाईलात शेवटचा नंबर तुमचा हाय. तुम्ही कोण त्यांच्या?" मी त्याची अक्का… शिवानंदची थोरली बहीण. बाकडं रिकामं असूनही तो गाडीची वाट बघत फेऱ्या मारत होता आणि फेऱ्या मारता मारताच कोसळला. हृदयविकाराचा झटका, जागीच गेला. त्याला आता काही आठवडे झाले. येणारा-जाणारा सांगतो, अक्का, जरा टेका. पण मला बसवत नाही. त्याची खोड जाता जाता माझ्या गळ्यात पडली आहे.

आम्ही जयसिंगपूरचे, घरात कानडी, बाहेर मराठी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी कोल्हापुरात जनावरांच्या एका सेवा केंद्रात फोनवर बसायला लागले. गाय अडली, म्हैस चारा खाईना, की गावाकडनं फोन यायचा. मी गाव विचारायचे आणि त्या भागातल्या डॉक्टरला जोडून द्यायचे. पुढं पुढं आवाजावरनंच गाव ओळखायला लागले. शिवा मागोमाग आला आणि राजारामपुरीत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात लागला. एका मासिकाबरोबर त्याला लिनक्सची, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या एका प्रणालीची, सीडी मिळाली आणि स्वारी हवेत! "अक्का, फुकट हाय, आणि आत काय चाललंय ते उघडून बघता येतंय की!" उघडून बघता येतं, एवढं त्याला पुरे होतं. लहानपणी त्यानं घरातला रेडिओ याच कारणासाठी उघडला होता, आणि तो पुन्हा कधी बोलला नाही.

नव्या शतकात तशीच एक खुली फोन-प्रणाली त्याच्या हाती लागली. एका जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स चढवायचं, त्यात टेलिफोनच्या लायनी जोडणारं कार्ड बसवायचं, की झालं अख्खं एक्स्चेंज. केंद्राच्या साहेबांना त्यानं हे पटवलं आणि मग मला सांगितलं. मी खवळले. "माझी खुर्ची काढायला माझाच भाऊ सापडला व्हय रे?" तो म्हणाला, "खुर्ची कोण काढतंय? तुला जरा उसंत मिळंल." मला उसंत नको होती. आलेला फोन माझ्या कानावरनं जायला हवा, नाहीतर मी तिथं कशाला? यंत्र बसलं तेव्हा एक अडचण अशी निघाली, की समोरच्यानं फोन ठेवला तरी ते यंत्राला कळायचंच नाही, लाइन अडकून राहायची. मी म्हटलं, "तुझ्यावरच गेलंय. समोरचा कंटाळला, हे तुला तरी कुठं कळतंय!" तो हसला नाही. फोन ठेवल्यावर येणारा टूं-टूं आवाज ओळखायला त्यानं यंत्राला शिकवलं, मगच हसला.

सुरुवातीचा निरोप त्यानं माझ्याच आवाजात भरला. गाय-म्हशीसाठी एक दाबा, शेळी-मेंढीसाठी दोन. थोड्याच दिवसांत गारगोटीकडचे एक आजोबा काठी टेकत केंद्रात हजर. "ह्या बाई नुसत्या बोलत्यात, आपलं कायबी ऐकून घेत न्हाईत," अशी माझीच तक्रार त्यांनी माझ्यापुढं केली. त्यांच्या घरचा फोन जुना, तबकडीचा. त्यावर कसलं एक आणि कसलं दोन! शिवा तिथंच उभा होता. त्यानं आजोबांना चहा पाजला, त्यांच्या गायीसाठी डॉक्टर धाडायला लावला आणि निरोप पुन्हा भरायला मला बसवलं. शेवटी एक वाक्य वाढलं, "काही दाबता येत नसेल तर थांबा, पावणं. कुणीतरी उचलेल." काहीच दाबलं नाही, तर फोन माझ्या टेबलावर वाजायचा. बटणांना कंटाळलेली सगळी माणसं माझ्या वाट्याला आली. मी वरवर कुरकुर केली, पण खरं सांगायचं तर मला रडूच आलं होतं.

एवढ्यावर तो थांबला असता तर शिवा कसला? नवी आवृत्ती निघाली की त्याच्या अंगात यायचं. "चालतंय न्हवं? मग कशाला हात लावतोस?" असं म्हटलं, की म्हणायचा, "चालतंय म्हणून तर लावायचा. बंद पडल्यावर कोणबी लावतंय." अशाच एका कामाच्या दिवशी त्यानं लिनक्स अद्ययावत केलं आणि कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्डाला लिनक्सशी जोडणारा प्रोग्रॅम, नव्यानं बांधायचा राहिला. दुपारभर सगळ्या लायनी मुक्या. संध्याकाळी एकजण मोटरसायकलवरनं आला, म्हैस वाचली होती, रेडकू गेलं होतं. "फोन हाय का शोभंची वस्तू?" एवढंच तो बोलला. शिवा त्याच्या मागोमाग त्याच्या गावाला गेला, गोठ्यात उभा राहिला आणि परत आला.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला आम्ही नेहमीप्रमाणं फोनची पूजा मांडली. हत्याराला त्या दिवशी विश्रांती, म्हणून दुपारपर्यंत यंत्र बंद. गावोगावी लोकांना हे ठाऊक, ते डॉक्टरांच्या मोबाईलवर फोन करत. झेंडूची माळ घातलेल्या त्या कॉम्प्युटरकडं बघत शिवा म्हणाला, "बंद करताच न्हवं? मग आपलं अपडेट आजच. वर्षातनं एकदा." तेव्हापासून ती रीतच पडली. आधी हळदकुंकू, मग अपडेट. त्याला खुर्चीत बसून सुचायचं नाही, म्हणून टाइप मी करायचे आणि तो मागं फेऱ्या मारत सांगायचा: आधी सगळ्याची नक्कल काढ, मग नवी आवृत्ती घाल, मग ड्रायव्हर पुन्हा बांध, मग चालू कर. कार्डावरचा दिवा हिरवा झाला की तो रस्त्यापलीकडं उसाच्या रसाच्या गाड्यापाशी जाऊन मोबाईलवरनं केंद्राला फोन लावायचा, काही दाबायचा नाही. माझ्या टेबलावर फोन वाजायचा, मी उचलायचे, आणि पलीकडनं यायचं, "मीच. जेवलीस काय?" हे ऐकलं की अपडेट पुरं झालं असं आम्ही धरायचो.

यंदाची खंडेनवमी त्याच्या माघारी आली. साहेब म्हणाले, "राहू द्या अक्का, चालतंय की." चालतंय म्हणून तर… मी कॉम्प्युटरला माळ घातली, हळदकुंकू वाहिलं आणि खुर्चीत बसले. मागं फेऱ्या नव्हत्या. नक्कल काढली, आवृत्ती घातली, ड्रायव्हर बांधताना आज्ञा पुन्हा पुन्हा चुकली. एकदाचा दिवा हिरवा झाला. आता बाहेर जाऊन फोन लावायला हवा होता आणि ते काम माझं कधी नव्हतंच.

सगळे हॉलमध्ये प्रसादाला बसले होते. मी रस्ता ओलांडून रसाच्या गाड्यापाशी गेले, माझ्या मोबाईलवरनं नंबर लावला आणि काहीच दाबलं नाही. माझाच आवाज मला सांगायला लागला, "थांबा, पावणं. कुणीतरी उचलेल." खिडकीतनं माझ्या टेबलावरचा फोन वाजलेला ऐकू आला. यंत्र अगदी बरोबर चाललं होतं. पलीकडच्यानं फोन ठेवलाय, हे त्यानं यंत्राला ओळखायला शिकवलं… मला शिकवायचं राहिलं. फोन वाजतच होता. काय झालं कोण जाणे, मी मोबाईल कानाला तसाच धरून रस्ता ओलांडला, पळत पायऱ्या चढले आणि टेबलावरचा फोन उचलला. "जेवलीस काय?" मी विचारलं.

दोन्ही कानांत मीच होते.