काकाची सरळ भिंत

आमचा काका फरशा बसवतो आणि त्याला दोरी लागत नाही. डावा डोळा मिटायचा, उजव्याने ओळ बघायची, बास. दोरी म्हणे नवशिक्यांसाठी असते.

दातांच्या एका डॉक्टरच्या बाथरूमची भिंत त्याने अशीच लावली. डॉक्टर बघत राहिला. म्हणाला, "मिस्त्री, या भिंतीला तार बसवावी लागेल."

ओळींना मस्त लाटा आल्या होत्या.

"तुमचं घरच तिरकं आहे, साहेब," काका म्हणाला. मी त्याच्या हाताखाली असतो, मी पण लगेच मान हलवली. काका आपला, घर डॉक्टरचं.

डॉक्टरने सांगून टाकलं, उखडून नीट लावा, नाहीतर दुसरा मिस्त्री बघतो. आता त्याच्या खुर्चीत माणूस तोंड उघडून पडलेला, ऐकण्याशिवाय करणार काय? आठवड्यात सगळ्यांना कळलं असतं आणि काकाचा धंदा बसला असता.

तसं घरी आधीच कळायला हवं होतं. नळ एक, काकाला दिसायचे दोन, आणि बादली नेमकी नसलेल्या नळाखाली. काकू विचारायची, "अहो, हा दुसरा कधी बसवलात?"

शेवटी तिनेच त्याला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी चौकटींचा कागद समोर धरला. उजव्या डोळ्याने बघून काका भडकला. "ही कुणी लावली? मधली सगळी ओळ गेलीय."

बाई म्हणाल्या, कागद सरळ आहे. तुमच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याला सुरकुती आहे. रेघा त्यामुळे वाकतात, आणि दोन डोळ्यांची चित्रं एकमेकांवर बसत नाहीत. चष्मा लावून बघितला, फरक शून्य. मग त्यांनी एक कॉन्टॅक्ट लेन्स दिली, उजवा डोळा मुद्दाम धूसर करणारी. म्हणजे कारभार डावा बघेल.

"डॉक्टरकडे येऊन आंधळं व्हायचं?"

"अर्धंच," काकू म्हणाली. "माझं तरी तुम्ही कुठे पूर्ण ऐकता. चाललंय ना?"

दोन फुटी फरशी पापडासारखी उचलणारा माणूस त्या टिकलीएवढ्या लेन्सपुढे घामाघूम झाला. हात धुऊन धुऊन बोटं पांढरी पडली, लेन्स गालावरच चिकटायची. मग काकूने त्याचं डोकं धरलं. "पापणी मिटाल तर बघा." बसली.

तसेच आम्ही दातांच्या डॉक्टरच्या बाथरूममध्ये गेलो. काकाने सवयीने डावा डोळा मिटला. उजव्यात नुसतं धुकं. एक शिवी हासडून त्याने दोन्ही डोळे उघडले आणि भिंतीकडे बघितलं. एका लाटेवरून बोट फिरवलं.

"ही कुणी लावली रे?"

"घर तिरकं आहे, काका."

"गप्प बस. दोरी आण."

आमच्याकडे दोरी कुठली? डॉक्टरकडे मागितली. त्याने दात साफ करायचा पुदिन्याच्या वासाचा दोरा दिला, वर हसला पण. हसू दे.

भिंत उखडली, पुन्हा लावली. बाथरूमभर पुदिन्याचा वास येतोय आणि ओळी सरळ आहेत. डॉक्टरने पट्टी लावून बघावं.